पोलीस कामातली सचोटी: लाच सोडून आणखी कुठे तपासायची?

नवीपेठ_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. नवी पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींची एक अभ्यासिका चालते. तिथे पुढच्या रविवारी दोन तासांचं सत्र ठेवलं आहे. समोर पीएसआयची मुख्य परीक्षा देणारे आणि शिपाई भरतीची तयारी करणारे मिळून साठेक जण असतील. विषय आहे ‘पोलीस कामातील सचोटी आणि नैतिक मूल्ये’.

बाजारातल्या नोट्स चाळल्या. संयुक्त राष्ट्रांची १९७९ची आचारसंहिता, तिची ८ कलमं, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’चा अर्थ, सचोटीच्या चार व्याख्या. हे सगळं मुलांना पाठ आहे. पण रात्री अडीच वाजता ठाणे अंमलदाराच्या टेबलावर यातलं काय उपयोगी पडणार? लाच घेऊ नये हे सांगायला तर दोन तास लागत नाहीत.

मला हवंय ते असं: कोणत्या कागदावर, कोणत्या क्षणी माणूस पहिल्यांदा घसरतो? बाहेरच्याला ते कसं ओळखू येतं? आणि नवख्याने नेमकं काय केलं म्हणजे तो घसरणार नाही? तपास, कोर्ट किंवा मुद्देमाल जवळून माहीत असणाऱ्यांनी कलमं, पायऱ्या आणि आकड्यांसह लिहावं ही विनंती. अनुभवकथन नको, ते मुलांना यूट्यूबवर भरपूर मिळतं.

तपास_टिपण

सर, सुरुवात फिर्यादीपासून करा. पहिली घसरण तिथे होते आणि बहुतेक वेळा पैशाचा त्यात संबंधही नसतो. हद्दीत गुन्हे कमी दिसावेत एवढ्यासाठी ती होते.

स्वारगेटला पीएमपीच्या गर्दीत मोबाइल गेला. माणूस सांगतो, खिशातून काढला. कागदावर येतं ‘गहाळ’. त्याला दाखला मिळतो, त्यावर नवं सिम मिळतं, तोही समाधानाने घरी जातो. चोरीचा गुन्हा मात्र दाखलच झालेला नसतो. पुढे तोच फोन एखाद्या टोळीकडे सापडला तर तो जोडायचा कुठे? आरोपी समोर, फोन समोर, आणि गुन्हा रजिस्टरला काहीच नाही.

याहून बारीक प्रकार किमतीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरी दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात, पण मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर ती अदखलपात्र होते. त्यामुळे १२,००० चा फोन ‘अंदाजे किंमत ४,५००’ असा लिहिला की एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर भागतं. अक्षरही खोटं न लिहिता, नुसत्या ‘अंदाजे’ या शब्दावर हे काम होतं. मुलांना हे उदाहरण जरूर द्या. किंमत फिर्यादीने सांगायची, शक्य तिथे बिल जोडायचं, अंमलदाराने आपल्या मनाने ठरवायची नाही. तसंच गळ्यातलं हिसकावून नेलं असेल तर ते कलम ३०४, जबरी हिसकावणी. ते साध्या चोरीत बसवलं की महिन्याचा तक्ता बरा दिसतो.

हद्दीचं कारण आता चालत नाही. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं, तेव्हापासून हॅरिस पुलाच्या अलीकडे की पलीकडे हा वाद ऐकू येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(१) नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही हद्दीची असली तरी घ्यायची, शून्य क्रमांकाने नोंदवायची आणि मग वर्ग करायची. फिर्यादीला प्रत लगेच आणि विनामूल्य द्यायची. प्राथमिक चौकशीची सवलत आहे, पण ती ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच. त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे पुण्यात एसीपींची, आधी परवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते. ‘अर्ज चौकशीवर ठेवलाय’ म्हणून तीन तीन महिने फिरवणं या चौकटीत कुठेच बसत नाही. महिलांवरील ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद घ्यायला नकार दिला तर न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे अंमलदारालाच ६ महिने ते २ वर्षे सक्तमजुरी आहे.

आता स्टेशन डायरी. तिची सगळी किंमत वेळेत आहे. घटना ११.१० ला कळली, नोंद ११.१५ ला झाली, गाडी ११.२० ला निघाली, असा एकामागून एक धागा लागला पाहिजे. घसरण कशी होते तर जागा सोडून. ‘साहेब आले की बघू’ म्हणत दोन ओळी कोऱ्या ठेवतात आणि नंतर त्यात हवं ते बसवतात. हस्तलिखित नोंदीत हे लगेच दिसतं: अक्षर दाटीवाटीचं होतं, शाई बदलते, मधल्या नोंदीची वेळ मागच्या-पुढच्याशी जुळत नाही. चूक झालीच तर एकच रेघ मारावी, खालचा मजकूर वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पांढरी शाई लावलेली डायरी न्यायालयात उभीच राहत नाही. लिहायचं राहून गेलं असेल तर ज्या वेळी आठवलं त्या वेळेची नवी नोंद करायची आणि उशीर का झाला ते तिथेच लिहायचं. उशिराचं खरं कारण दिलेली नोंद टिकते. मागची वेळ टाकलेली नोंद मोबाइलच्या सीडीआरसमोर (कॉलच्या नोंदींसमोर) टिकत नाही.

पंचनाम्यावर मात्र जास्त वेळ घालवा, खरी कसोटी तिथे आहे.

पंच स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत, शक्यतो त्याच वस्तीतले, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०३ सांगतं. प्रत्यक्षात ठाण्याबाहेरचा चहावाला, टपरीवाला, ओळखीचा रिक्षावाला हेच पंच असतात, कारण ते कधीही मिळतात आणि वाचल्याशिवाय सही करतात. बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच टाकतो: आजवर किती प्रकरणांत पंच होतात? उत्तर ‘आठ-दहा’ आलं की पुढचं सगळं डळमळतं. लोक तयार होत नाहीत ही अडचण खरी आहे. पण त्यावर कायद्यात वाट आहे. लेखी हुकूम देऊनही कोणी सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो न्याय संहितेच्या कलम २२२ खाली गुन्हा होतो. तो नकारसुद्धा कागदावर आणा. ‘अमुक ठिकाणी तीन जणांना विचारलं, नकार दिला’ असं पंचनाम्यात लिहिलेलं असेल तर न्यायालय त्याकडे सहानुभूतीने पाहतं.

आरोपीने दाखवून दिलेला माल, म्हणजे आधी निवेदन आणि मग जप्ती, यातला क्रम सगळ्यात जास्त बिघडवला जातो. पंच आधी हजर हवेत. त्यांच्यासमोर आरोपीने सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे, त्याच्या भाषेत. त्यावर सह्या, वेळ. मग ठाण्यातून निघाल्याची नोंद, गाडीचा क्रमांक, तिथे पोहोचल्याची वेळ, आरोपी पुढे आणि पंच मागे. प्रत्यक्षात काय होतं? माल आधी सापडलेला असतो आणि दोन्ही कागद एकाच बैठकीत ठाण्यात लिहिले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या रामानंद खटल्यात नेमका हाच दोष धरला: आरोपीने कबुली दिली म्हणतात तेव्हा पंच हजर नव्हते आणि त्याचे नेमके शब्दही पंचनाम्यात नव्हते. फाशीचा आरोपी त्यातून सुटला.

पुण्यापुरतं उदाहरण कोयत्याचं घ्या. आर्म्स अ‍ॅक्ट कलम ४ सह २५, महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१) सह १३५ अशी कलमं लागतात. पंचनाम्यात पात्याची लांबी, रुंदी, मुठीची लांबी, मूठ लाकडी की लोखंडी, गंज कुठे आहे, धार एका बाजूला की दोन्ही, आणि हाताने काढलेली आकृती हवी. ‘एक लोखंडी कोयता’ एवढंच लिहिलं तर तो कोयता कुठल्याही प्रकरणात कुठूनही येऊ शकतो. अशी मोघम भाषा दिसली की वाचणाऱ्याने तिथेच थांबावं.

मुद्देमाल_रजिस्टर

वरचं सगळं पटलं. मी फक्त मालाबद्दल लिहितो, कारण इथे चूक आणि चोरी यांत फरक करायला कागदाशिवाय काहीच नसतं.

सोनं: टेस्ट होईपर्यंत ‘सोन्याचे’ लिहू नका. ‘सोन्यासारखी दिसणारी पिवळ्या धातूची साखळी’ असं लिहायचं. घटनास्थळी सराफाला बोलावून काट्यावर वजन घ्या, काटा शून्यावर आहे हे आधी पंचांना दाखवा, ग्रॅमच्या पुढचे तीनही आकडे लिहा. १०.४८० आणि ‘अंदाजे १० ग्रॅम’ यांच्यामधले ०.४८० ग्रॅम कुठे गेले असा प्रश्न पाच वर्षांनी विचारला जातो. खडे असतील तर खड्यांसकट वजन, आणि ते खड्यांसकट आहे हे स्पष्ट लिहायचं.

रोकड: नोटांच्या किमतीनुसार नगांची यादी, बेरीज आकड्यात आणि अक्षरात, मोजणी कॅमेऱ्याच्या चौकटीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावंच लागतं. त्यात यादी करणं आणि पंचांच्या सह्या हेही आलं. पैसे मोजताना कॅमेरा भिंतीकडे आणि नंतर पुन्हा टेबलावर, असं चित्रण अर्धवट असतं आणि संशय वाढवतं. ‘ई-साक्ष्य’वर चित्रण केलं की वेळ आणि ठिकाण सोबत जातं. म्हणून पंचनाम्यातली सुरू-संपल्याची वेळ त्याच्याशी जुळली पाहिजे. ‘आपल्या मोबाइलवर घेतो, नंतर टाकतो’ ही सवय पहिल्या दिवसापासून मोडा.

फोन: बंद असेल तर बंदच ठेवा. चालू असेल तर फ्लाइट मोड, त्याची वेळ लिहा, आयएमईआयचे (फोनच्या ओळखीचे) दोन्ही क्रमांक, सिम, मेमरी कार्ड, काचेचे तडे. गॅलरी उघडून ‘काय काय आहे’ बघायचा मोह सगळ्यांना होतो. तेवढ्याने आतल्या फाइलींच्या वेळा बदलतात. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, द्यावं लागतं. जप्तीनंतर फोन हाताळला गेल्याचं तज्ज्ञाच्या तपासणीत दिसलं तर पुरावा तर जातोच, आरोपीचे खासगी फोटो ठाण्यात कुणी कुणी पाहिले हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

वाहन: चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, बॅटरीची कंपनी, स्टेपनी, जॅक, टेप. चारही बाजूंनी फोटो. हे लिहिलं नाही की दोन महिन्यांत बॅटरी आणि स्टेपनी ‘नव्हतीच’ होते. वाहनं ठाण्याच्या आवारात सडवायची नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ नुसार न्यायालयाने १४ दिवसांत मालाचं विवरण करून फोटो घ्यायचे आणि पुढच्या ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. मूळ मालक सुपूर्तनाम्यासाठी, म्हणजे माल परत ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करतो तेव्हा ठाण्याचा ‘से’ (लेखी म्हणणं) मुद्दाम लांबवणं हीसुद्धा पैसे काढण्याची जुनी जागा आहे.

अमली पदार्थांत वजनाने माणसाचं आयुष्य ठरतं, म्हणून इथे हात थरथरले पाहिजेत. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण. मेफेड्रोन २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. व्यापारी प्रमाण झालं की अमली पदार्थ कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ३७ मुळे जामीन जवळपास बंद होतो. गोणीसकट २०.३ किलो भरलेला माल गोणी काढली की १९.६ भरतो. काही वेळा ओली पानं आणि देठही त्यातच तोललेले असतात. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांबरोबर नसलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. बारदानासकट वजन आणि निव्वळ वजन दोन्ही लिहा. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर, त्याच कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे. लाखेच्या सीलचा नमुना पंचनाम्यावर उमटवलेला हवा, म्हणजे गणेशखिंडच्या प्रयोगशाळेत पाकीट उघडताना तो जुळवता येतो. सील कोणाच्या ताब्यात होतं हे न लिहिणं ही नेहमीची चूक.

शेवटचं, पण नव्या माणसाला सगळ्यात महागात पडणारं: मुद्देमालाचा चार्ज. बदली झालेला कारकून म्हणतो, ‘यादी आहे, सही कर, नंतर मोजू.’ सही केली की तो सगळा माल कायद्याने तुमच्याकडे सोपवलेला होतो आणि कमी निघाला तर न्याय संहितेचं कलम ३१६(५), लोकसेवकाने केलेला विश्वासघात, कमाल शिक्षा जन्मठेप. प्रत्येक नग हातात घेऊन लेबलाशी, रजिस्टरशी जुळवा. तीन दिवस लागले तर लागू देत. कमी दिसलेला नग त्याच दिवशी स्टेशन डायरीला आणि वरिष्ठांना लेखी कळवा.

ॲड_शिवाजीनगर

न्यायालयाच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात सर्रास खोटी असते ती अटकेची वेळ. ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यांच्यामध्ये दहा, पंधरा, कधी तीस तास जातात. आरोपीला न्यायालयात हजर करायचे चोवीस तास मात्र अटक फॉर्मवरच्या वेळेपासून मोजले जातात. माणसाची हालचाल ज्या क्षणी रोखली, तेव्हापासून ते मोजायला हवेत. न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा वेळ तेवढा वजा होतो. ‘चौकशीसाठी बोलावलं होतं, स्वतःहून थांबला’ हे वाक्य रिमांड रिपोर्टमध्ये आलं की आम्ही घरच्या गल्लीतला सीसीटीव्ही, आरोपीच्या फोनचं लोकेशन आणि ठाण्याचं चित्रण एकदम मागतो. परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे (डिसेंबर २०२०) ठाण्यातलं चित्रण १८ महिने, किमान १ वर्ष जपायचं आहे. ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ हे उत्तर देणाऱ्याची बाजू तिथेच कमकुवत होते.

अटकेची पायरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे: नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या एका साक्षीदाराची सही, आरोपीची सही. कलम ४८ प्रमाणे घरी कळवलं का, कोणाला, किती वाजता, कुठल्या नंबरवर. कलम ४७ ची कारणं लेखी द्यावी लागतात. मिहिर शाह प्रकरणात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत आणि लगेच देता आली नाहीत तरी रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान २ तास हातात पडली पाहिजेत. खडकी बाजारात पकडलेल्या तमिळभाषक मुलाला मराठी छापील कागद देऊन सही घेणं आता अटक मोडायला पुरेसं आहे. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, तीही प्रत्यक्ष. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली नोटीस धरली जात नाही.

वैद्यकीय तपासणीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती साधी आहे. ससूनमध्ये डॉक्टर आरोपीला ‘काही त्रास?’ विचारतात तेव्हा ज्याने मारलं असा संशय आहे तो हवालदार शेजारी उभा असतो. कोण काय बोलेल? नजरेआड होऊ देऊ नका, पण ऐकू येणार नाही इतकं लांब उभे राहा. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी, हे डी. के. बसू निकालापासून, १९९६ पासून आहे.

बीट_मार्शल_पुणे

सगळं बरोबर आहे, पण एक बाजू मांडतो. रात्रपाळीला ठाण्यात माणसं किती, त्यात बंदोबस्त, त्यात एका वेळी चार भांडणं आणि एक अपघात. एवढं लिहीत बसलं तर रस्त्यावर कोण जाणार? आणि खरं सांगायचं तर समोरचा पोरगा वस्तीत गाड्या फोडणारा सराईत आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पंच दहा मिनिटं उशिरा आले म्हणून तो सुटावा का? लोक तर टाळ्या वाजवतात त्यांना धरून आणल्यावर.

तपास_टिपण

तुमचा प्रश्न मनापासूनचा आहे आणि रविवारच्या सत्रात तोच सगळ्यात आधी विचारला जाईल, म्हणून नीट उत्तर देतो.

लाच घेणाऱ्याला आपण चुकतोय हे माहीत असतं. चांगल्या कामासाठी खोटं लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं, उलट त्याला शाबासकी मिळते. म्हणून मी दुसऱ्याला जास्त धोकादायक मानतो. पंच उशिरा आले तर ‘पंच २.४० वाजता हजर झाले’ लिहा, आरोपी त्याने सुटत नाही. २.३० लिहिलंत आणि पंचाच्या घराखालच्या कॅमेऱ्यात तो २.३५ ला चप्पल घालताना दिसला, तर आरोपी सुटतो, आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक पंचनाम्यावर तीच शंका घेतली जाते. शिवाय न्याय संहितेचं कलम २०१ आहे: इजा करण्याच्या हेतूने चुकीचा दस्तऐवज तयार करणाऱ्या लोकसेवकाला ३ वर्षांपर्यंत. आणि ज्याला आज ‘सगळ्यांना माहीत’ म्हणून अडकवलं तो खरंच त्या रात्री तिथे होता का, हे तपासायचं राहून जातं. खरा गुन्हेगार मोकळा फिरत असतो.

टाळ्यांबद्दल. गाड्या फोडणाऱ्यांना त्याच वस्तीतून चालवत नेतात आणि कागदावर ‘घटनास्थळ पाहणी’ लिहितात. धिंड काढण्याला कुठलंही कलम परवानगी देत नाही, शिक्षा देणं न्यायालयाचं काम आहे. पण नुसतं तत्त्व सांगू नका, तपासाचं नुकसान सांगा. आरोपीचा उघडा चेहरा वस्तीने पाहिला, मोबाइलवर फिरला, की ओळख परेड संपली. येरवड्यात कार्यकारी दंडाधिकारी एका संशयितामागे किमान अर्धा डझन सारख्या दिसणाऱ्या माणसांना उभं करतात. साक्षीदाराने आरोपीला आधी कुठेही पाहिलेलं नसावं हीच त्या परेडची अट. पहिला प्रश्न येतो, ‘व्हिडिओ पाहिला होता का?’ साक्षीदार खरं बोलतो, ‘हो.’ झालं. चेहरा झाकून आणण्याची पद्धत आरोपीच्या अब्रूइतकीच आपल्या पुराव्यासाठीही आहे.

वेळेचं म्हणाल तर तो मुद्दा मान्य. माणसं कमी आहेत. त्यावर उपाय एवढाच की जागेवर, खिशातल्या वहीत वेळा टिपायच्या. सविस्तर नंतर लिहा, पण वेळ त्या वहीतली असू दे, आणि वही जपून ठेवा.

माहिती_अर्ज_कोथरूड

लाचेबद्दल इथे कमी बोलणं झालंय, म्हणून थोडं. मुलांना सापळ्याची रीत सांगा, म्हणजे दोन्ही बाजू कळतील.

तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे येतो (टोल फ्री १०६४). आधी मागणीची पडताळणी होते: पंचासमोर, रेकॉर्डरवर. पंच दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी असतात. मग नोटांचे क्रमांक लिहून त्यांना अँथ्रासीन पावडर लावतात. साध्या डोळ्यांना दिसत नाही, अतिनील दिव्याखाली बोटं चमकतात. पण बोटं चमकली एवढ्यावर शिक्षा होत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, आणि तक्रारदार फितूर झाला तरी इतर परिस्थितीवरून ते सिद्ध करता येतं, हे नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. शिक्षा ३ ते ७ वर्षे. आणि ‘मी कुठे मागितले, त्याने आपणहून चहापाण्याला दिले’ हा बचाव म्हणून मनात धरू नका. आपणहून दिलेला गैरलाभ स्वीकारणंही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या त्याच कलम ७ मध्ये येतं.

नागरिकांना एक गोष्ट माहीत नसते: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, पण ज्याला भाग पाडलं त्याने ७ दिवसांच्या आत कळवलं तर तो सुटतो. म्हणजे पैसे देऊन झाले तरी दार बंद झालेलं नसतं.

ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर पुण्यात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज, पोचपावतीसह. तिथेही नाही झालं तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७५(३). बेकायदा अटक, कोठडीतली गंभीर दुखापत, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं अशा तक्रारींसाठी महाराष्ट्र पोलीस कायद्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आलेलं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अर्जात तसं ठळक लिहा, उत्तर ४८ तासांत द्यावं लागतं. चित्रण मागताना ठाणे, कॅमेऱ्याची जागा, तारीख, ‘पासून-पर्यंत’ वेळ लिहा आणि ‘अर्ज निकाली निघेपर्यंत ते जतन करावे’ हे वाक्य घाला.

नवीपेठ_अभ्यासिका

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन तास कमी पडतील असं दिसतंय. कोयता, ‘अंदाजे किंमत’ आणि गोणीचं वजन या तीन उदाहरणांवरच सत्र उभं करतो.

एकच राहिलं. मुलं हमखास विचारतील: वरिष्ठच म्हणाले, ‘वेळ अशी टाक’ किंवा ‘याचं नाव घेऊ नको’, तर शिपायाने किंवा नव्या फौजदाराने काय करायचं? नाही म्हटलं तर बदली.

तपास_टिपण

वाद घालायचा नाही आणि ऐकायचंही नाही. लेखी मागायचं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ च्या नियम ३ मध्येच आहे की वरिष्ठांचा आदेश साधारणपणे लेखी असावा, आणि तोंडी द्यावा लागला तर नंतर लेखी दुजोरा मिळवावा. म्हणून सूर नम्र ठेवून, ‘साहेब, आपला आदेश डायरीला घेतो आणि तसं करतो.’ इतकं म्हटल्यावर बहुतेक वेळा आदेश आपोआप मागे घेतला जातो. गुन्हा करायचा आदेश लेखी आला तरी तो पाळण्याचं संरक्षण मिळत नाही, हेही मुलांना सांगा.

आदेश मागे घेतला गेला नाही तर डायरीतली नोंद साधी असू द्या, आरोप न करता. उदाहरणार्थ: (वपोनि म्हणजे वरिष्ठ पोलीस निरीक्षक) ‘वेळ ०१.५०. वपोनि यांनी तोंडी कळविले की गु.र.नं. … मधील संशयित क्र. २ चे नाव वगळावे. फिर्यादीच्या जबाबात सदर नाव नमूद असल्याने वगळलेले नाही. लेखी आदेशाची विनंती केली आहे.’ खाली सही, बक्कल नंबर. विशेषणं नकोत, ‘दबाव’ हा शब्दही नको, फक्त कोण, काय, किती वाजता.

बदलीची भीती खोटी नाही, तिला हलकं लेखू नका. मुदतीआधीची बदली असेल तर आदेशात कारण काय दिलंय आणि ती आस्थापना मंडळापुढे (बदल्या ठरवणाऱ्या मंडळापुढे) गेली होती का, हे पाहून मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागता येते. पुण्याच्या माणसाला मुंबईच्या पीठाकडे जावं लागतं. तिथे हीच रात्री ०१.५० ची नोंद, तिच्या आधीची आणि नंतरची नोंद न फाटलेल्या पानावर असेल, तर बरंच काही बोलते. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज बदलीचा आदेश हातात पडल्यापडल्या करा, महिनाभर थांबू नका.

मुद्देमाल_रजिस्टर

आणि चार्ज देतानाही मोजूनच द्या, फक्त घेताना नव्हे. बदली झालेला माणूस घाईत सही करून निघतो आणि दोन वर्षांनी त्याच्याच नावावर कमी नग निघतो. यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटच्या पानावर एकूण नग अक्षरात, आणि एक प्रत स्वतःच्या घरी.